‘काही नाही’ हे निदान नव्हे

साताऱ्याहून पुण्याला जाताना वेळे गाव मागे पडलं की खंबाटकीचा बोगदा लागतो. एसटीला तो पार करायला जेमतेम मिनिट-दीड मिनिट लागतं. तेवढ्या वेळात आपण मरतो आहोत, अशी माझी एकदा पक्की खात्री झाली होती. छातीत घण पडत होते. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या होत्या. श्वास ओढत होते पण तो आत जात नव्हता. हातपाय गार, डोळ्यांपुढे अंधारी, आणि मनात एकच विचार: मुलं शाळेतून घरी येतील तेव्हा आपण नसू. शेजारी बसलेल्या मावशींचा दंड घट्ट धरून मी एवढंच म्हणू शकले, “मला काहीतरी होतंय.”

बोगद्याबाहेर कंडक्टरनं बेल मारून गाडी उभी केली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी नाकाशी चप्पल धरली, कुणी म्हणालं उपास असेल. माणसं भली होती. मला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारेही त्यांच्यातलेच. तिथे कार्डिओग्राम निघाला, सलाईन लागलं, आणि तासा-दोन तासांनी कागद हातात देत डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आहेत. काही नाही झालेलं. टेन्शन घेऊ नका.”

काही नाही. या दोन शब्दांनी माझे पुढचे चौदा महिने खाल्ले. हा लेख मी त्या दोन शब्दांविरुद्ध लिहिते आहे.

ज्याला मरण समोर दिसून गेलं, त्याला ‘काही नाही’ सांगितलं तर तो त्याचे दोनच अर्थ काढू शकतो. डॉक्टरांना सापडलं नाही, म्हणजे दुखणं फारच आतलं आहे. नाहीतर, मला वेड लागत चाललं आहे. मी दोन्ही अर्थ काढले. चौदा महिन्यांत माझ्या फायलीत सात कार्डिओग्राम, दोन टू-डी इको, एक स्ट्रेस टेस्ट आणि थायरॉईडचे तीन रिपोर्ट जमले. सगळे नॉर्मल. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, अंगारा लावला. त्यांच्या मायेबद्दल माझी तक्रार नाही. एका नातलगानं ‘बाहेरचं असेल’ म्हणत एका देवऋष्याचं नाव सुचवलं. शिकलेल्या मंडळींनी तेच वेगळ्या भाषेत सांगितलं: मन खंबीर कर, रिकामी बसू नकोस. दोन मुलं, सासूसासरे आणि शाळेतली नोकरी सांभाळणाऱ्या बाईला ते हे सांगत होते.

आणि मी आक्रसत गेले. आधी पुण्याची गाडी सोडली, मग एसटीच सोडली. मग आठवडी बाजारातली गर्दी, बँकेतली रांग, देवळाचा गाभारा. लग्नात दाराजवळची खुर्ची धरून बसायची. पर्समध्ये पाण्याची बाटली, साखर आणि एक गोळी असल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हते. शेवटी शेवटी दळण टाकायला जातानाही धाकट्या जावेला सोबत घ्यायची. लोकांना वाटायचं, ही घरात रमणारी बाई आहे. या आजाराचा खरा घास हाच असतो. ॲटॅक दहा-वीस मिनिटांचा. त्याच्या धास्तीनं गमावलेलं आयुष्य वर्षांचं.

चौदाव्या महिन्यात मी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात गेले, तेही ओळखीचं कुणी पाहू नये म्हणून डोक्यावरून पदर घेऊन. तिथल्या डॉक्टर बाईंनी माझी फाईल पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वाचली. मग म्हणाल्या, “याला नाव आहे. पॅनिक ॲटॅक म्हणतात. यानं माणूस मरत नाही, वेडा होत नाही. आणि हे बरं होतं.” मी तिथेच रडले. तुम्हाला काहीतरी झालं आहे, असं मला चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं.

काय झालं होतं, ते बाईंनी ज्या पद्धतीनं समजावलं त्याच पद्धतीनं सांगते. आमच्या भागात उसाच्या फडातून बिबट्या निघाल्याच्या बातम्या नव्या नाहीत. समजा, तो तुमच्यापासून दहा हातांवर उभा राहिला. तुम्ही विचार करायच्या आत मेंदूतला बदामाएवढा एक भाग, अमिग्डाला, धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. पळायला पायांना रक्त हवं, म्हणून हृदय जोरात चालतं. स्नायूंना प्राणवायू हवा, म्हणून श्वास वाढतो. अंग तापू नये म्हणून घाम सुटतो. पचनाचं काम तूर्त बाजूला पडतं, म्हणून पोटात ढवळतं. यातलं एकही लक्षण बिघाडाचं नाही. शरीर तुम्हाला वाचवायला धावून आलेलं असतं. पॅनिक ॲटॅकमध्ये फडात बिबट्या नसताना घंटा वाजते, एवढाच फरक.

मुंग्या आणि चक्कर का येते, हे कळलं तेव्हा माझी अर्धी भीती गेली. धापा टाकत श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. त्यामुळे मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठ आणि बोटं बधिर होतात. माणसाला वाटतं हवा कमी पडते आहे, म्हणून तो आणखी जोरानं श्वास ओढतो. हवा कमी नसतेच, जास्त झालेली असते. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या सगळ्याचं चक्र मांडलं: छाती धडधडते, माणूस तिचा अर्थ ‘हार्ट ॲटॅक’ असा लावतो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते. साधारण दहा मिनिटांत हे चक्र शिखराला पोचतं आणि मग उतरणीला लागतं, कारण शरीराला तो जोर फार वेळ धरून ठेवता येत नाही.

असा एखादा ॲटॅक पुष्कळांना आयुष्यात कधीतरी येऊन जातो. तो पुन्हा पुन्हा, कारण नसताना येऊ लागला आणि ‘आता परत येईल’ या धास्तीत महिनाभर किंवा जास्त गेला, राहणी बदलू लागली, की तो पॅनिकचा आजार. ज्यांना सहा-सहा महिने जवळजवळ रोज कशाची ना कशाची काळजी पोखरते, झोप आणि भूक खाते, त्यांना सततच्या चिंतेचा आजार. चारचौघांसमोर बोलताना, जेवताना, सही करताना थरथर सुटते ती सामाजिक भयाची. कुळ एकच, घरं वेगवेगळी.

हे भित्र्यांचं दुखणं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मला थोडं बोलायचं आहे. मी ज्या जिल्ह्यात राहते तिथल्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. घराघरातून माणसं फौजेत गेलेली. अशा मुलखात ‘भित्रा’ हा शब्द शिवीसारखा लागतो. म्हणून सांगते, या आजाराच्या जुन्या आणि ठळक नोंदींपैकी एक सैनिकांचीच आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांना धडधड, धाप आणि छातीतल्या कळांनी घेरलं होतं. जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी अशा सुमारे तीनशे सैनिकांचा अभ्यास करून १८७१ साली ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाच्या नावानं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोफांपुढे उभी राहिलेली माणसं ती. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांना दिसलं की इमिप्रामिन या औषधानं असे झटके थांबतात. १९८० साली अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली. त्यालाही चार दशकं उलटून गेली. आपल्या कितीतरी दवाखान्यांत तो अजून ‘काही नाही’ या नावानंच नोंदला जातो.

माझ्यावर झालेले उपचार तुम्हाला विचित्र वाटतील. हृदय आणि फुप्फुसं ठीक असल्याची आधी खात्री करून डॉक्टर बाईंनी मला रुग्णालयाच्या जिन्यावर दोन मजले पळत चढायला लावलं. फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. नाक चिमटीत धरून शहाळ्याच्या नळीतून मिनिटभर श्वास घ्यायला लावला. दर वेळी धडधड, चक्कर, गुदमर, सगळं यायचं. दर वेळी बाई म्हणायच्या, “आली ना? आता काही करू नका. पाणी पिऊ नका, माझा हात धरू नका. नुसती बघत राहा.” आणि ती उतरायची. मी काही न करता उतरायची. पाण्याच्या बाटलीनं नाही, पर्समधल्या गोळीनं नाही, जावेच्या सोबतीनं नाही; आपली आपण. चौदा महिने मी ज्याला घाबरून पळत होते, ते माझ्या अंगात माझ्या मर्जीनं आणता येतं आणि तरी मी मरत नाही, हे डोक्याला पटवून चालत नाही, अंगाला पटावं लागतं. या उपचारपद्धतीला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणतात. अनेक देशांतल्या संशोधनानं ती कसाला लावून पाहिली आहे.

मग एसटी. पहिल्या दिवशी स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत दहा मिनिटं बसले आणि उतरले. पुढच्या आठवड्यात लिंब फाट्यापर्यंत. मग पाचवड, मग भुईंज, मग सुरूर. प्रत्येक ठिकाणी उतरायचं आणि उलट गाडीनं परत यायचं. सुरूरला एकदा जोराचा ॲटॅक आला. थांब्यावर बसून मी तो उतरेपर्यंत थांबले, घरी फोन केला नाही. साडेतीन महिन्यांनी बोगदा पार केला. आत छाती धडधडली. धडधडू दिली. शिरवळला उतरून चहा घेतला आणि उभ्या उभ्या रडले. शेजारच्या माणसानं विचारलं, “काय झालं ताई?” मी म्हणाले, “बरं झालं.”

औषधांबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत, म्हणून तिथे थांबते. या आजारात मुख्यतः एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या जातीची औषधं देतात. ती नैराश्यातही वापरतात. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढल्यासारखी वाटते, म्हणून डॉक्टर कमी मात्रेनं सुरुवात करतात. कितीतरी जण याच टप्प्यावर ‘गोळ्या सोसत नाहीत’ म्हणून सोडून देतात. ती लहान सुरुवात सोसा. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या मनानं एकदम बंदही करायच्या नसतात, बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवून हळूहळू कमी करतात. चटक लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, ज्यांना लोक ‘झोपेची गोळी’ म्हणतात. त्या अर्ध्या तासात शांत करतात, आणि म्हणूनच घात करतात. थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली ठीक. पण एकच जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं त्या घेणारी माणसं मी माझ्या ओळखीत पाहिली आहेत. औषध दुकानदार बंधूंनो, ही गोळी चिठ्ठीशिवाय देणं कायद्यानं गुन्हा आहे. शेजारधर्म म्हणून तुम्ही ती देता, पण ती देऊन तुम्ही शेजाऱ्याचा आजार लांबवता.

एक इशारा द्यायलाच हवा. छातीत पहिल्यांदाच दुखलं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, वय चाळिशीपुढचं असलं, मधुमेह किंवा रक्तदाब असला, तर ‘पॅनिक असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी दवाखाना, आधी कार्डिओग्राम. थायरॉईड, रक्तक्षय, दमा, साखर कमी होणं, यांच्यातही अशीच घाबरगुंडी उडते. ‘रिपोर्ट नॉर्मल’ हा शब्द ऐकायचाच आहे. फक्त तिथे उपचार संपत नाहीत, तिथून ते सुरू होतात.

आता आकडे पाहा आणि सांगा, ही कुणा एका बाईची गोष्ट आहे का. २०१७ साली भारतात चिंतेच्या आजारांचे सुमारे साडेचार कोटी रुग्ण होते, असा अंदाज ‘लॅन्सेट सायकिॲट्री’मध्ये प्रसिद्ध झाला. पॅनिकचा आजार बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. बंगळुरूच्या निमहान्सनं २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की चिंता, नैराश्य अशा नेहमी आढळणाऱ्या आजारांच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आणि ते सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपलं दुखणं मोजलंही गेलं नाही.

“पण तज्ज्ञ आहेत कुठे?” असं मला नेहमी विचारतात. खरं आहे, देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. पण उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात सापडलेलं आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेनं आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी सरकारी आरोग्य केंद्रं आणि खासगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. आरोग्याचं कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक बायकांना सुमारे दोन महिने शिकवलं आणि चिंता-नैराश्याच्या रुग्णांना समजावणं, श्वासाचे व्यायाम शिकवणं, औषधं चालू आहेत ना हे पाहणं, ही कामं त्यांच्यावर सोपवली. गरज पडली तर वर मानसोपचारतज्ज्ञ होतेच. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सरकारी केंद्रांत या बायकांनी हाताळलेले सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झालेले होते. जिथे त्या नव्हत्या तिथे सुमारे ४२ टक्के. फोंड्याची, म्हापशाची बाई जे करू शकते ते फलटणची, परभणीची, पालघरची बाई करू शकत नाही, असं कोण म्हणेल? आशाताई तर आपल्याकडे आहेतच. उणीव आहे ती आपल्या मागणीची.

म्हणून मागा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी, या दिवशी ग्रामसभा भरते. तिथे उभं राहून विचारा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक आजाराची औषधं आहेत का? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर महिन्यातून कोणत्या वारी येतात? येत नसतील तर का नाही? ही भीक नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातल्या कलम १८नं सरकारी सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. त्याच कायद्यातल्या कलम २१नं विमा कंपन्यांना बजावलं आहे की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजारालाही द्यायचा. कंपनीनं नाही म्हटलं तर लेखी मागा आणि भांडा.

डॉक्टर, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. ‘काही नाही’च्या जागी एवढंच म्हणा: तुमचं हृदय ठीक आहे, तुम्हाला जे झालं ते खरं आहे, त्याला पॅनिक ॲटॅक म्हणतात, त्यावर उपचार आहेत, ही चिठ्ठी घेऊन मानसोपचार विभागात जा. पंधरा सेकंद लागतील. माझे चौदा महिने वाचले असते.

भावांनो, दादांनो, तुम्ही तर हे बोलतच नाही. संध्याकाळी दोन पेग घेतले की धडधड थांबते, हे तुम्हाला कळलेलं असतं. पण दारू उतरताना तीच धडधड दुप्पट होऊन परत येते. मग दुसऱ्या दिवशी आणखी एक पेग. बापानं घाबरू नये हे कुणी ठरवलं? घाबरलेला बाप दवाखान्यात गेला तर पोरं एवढंच शिकतील की दुखलं की दवाखान्यात जायचं असतं.

आणि आपण सगळ्यांनीच एक बोलणं सोडून देऊ या. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘हिला ठाण्याला न्या’ अशी चेष्टा आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की त्यामागे खरी रुग्णालयं आणि खरी माणसं आहेत हे आपण विसरलो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं माणसांना बरं करण्यासाठी आहेत. चिंतेच्या आजाराच्या बहुतेक रुग्णांना तर कुठे दाखल व्हावंही लागत नाही. पण त्या एका टोमण्याच्या धाकानं किती आया-बहिणींनी मानसोपचार विभागाच्या दारातून पाय मागे घेतला असेल, याचा हिशोब कोण देणार? मीही चौदा महिने त्याच धाकात होते. आज मी तिथे डोक्यावर पदर न घेता जाते, ओळखीचं कुणी दिसलं तर थांबून बोलते, आणि का आले ते सांगते.

तुमच्या बाजूला कुणाला असा ॲटॅक आला तर गर्दी करू नका. कांदा, चप्पल हुंगायला देऊ नका. तोंडाला पिशवी तर कधीच लावू नका, त्यात जीवाला धोका आहे. शेजारी बसा, हळू आवाजात बोला, श्वास हळूहळू सोडायला सांगा: घेताना जितका वेळ, सोडताना त्याहून जास्त. ‘मी इथेच आहे, हे उतरेल’ एवढे शब्द पुरे असतात. त्या दिवशी एसटीतल्या मावशींनी माझा हात सोडला नव्हता. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण ते ऊन ऊन तळवे मी विसरलेले नाही.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसा-रात्री कधीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आत्ता, हा लेख वाचून संपायच्या आत, तो मोबाईलमध्ये घाला. शाळेच्या फळ्यावर लिहा, पतपेढीच्या भिंतीवर लावा, भिशीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाका.

आणि आज रात्री तुमच्या घरात कुणी दचकून उठून बसलं, छातीवर हात ठेवून म्हणालं, ‘मला काहीतरी होतंय’, तर ‘काही नाही, झोप’ म्हणू नका. दिवा लावा. काय होतंय ते विचारा, शेवटपर्यंत ऐका, आणि सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.